हाय-इंटेन्सिटी ग्रुप ट्रेनिंग: खाणं, पाणी आणि सुरक्षितता (कोल्हापूरच्या बॅचसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोल्हापुरात व्यायाम कुणाला नवा नाही. नवा आहे तो घड्याळ लावून, पंधरा-वीस जणांनी एका दमात करायचा व्यायाम: बर्पी (आडवं होऊन लगेच उठून उडी), केटलबेल (कडीचं वजन), बॉक्स जंप (खोक्यावर उडी), दोरउड्या, सगळं चाळीस-पन्नास मिनिटांत. अशा बॅचमध्ये वेग घड्याळ आणि शेजारचा माणूस ठरवतो. पण पोटात काय आहे, रात्री झोप किती झाली, मागच्या आठवड्यात ताप होता का, हे ज्याचं त्यालाच ठाऊक असतं. खालचे बहुतेक प्रश्न याच दोन गोष्टींचा मेळ न बसल्यामुळे येतात.

हाय-इंटेन्सिटी म्हणजे नेमका किती जोर?

सोपी परीक्षा बोलण्याची. व्यायाम करता करता सलग वाक्य बोलता येत असेल, तर जोर मध्यम. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर तो हाय-इंटेन्सिटी. घड्याळात नाडी दिसत असेल तर २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करा. चाळिशीच्या माणसासाठी २०८ वजा २८, म्हणजे साधारण १८० ही कमाल नाडी. तिच्या ८० टक्क्यांच्या वर, म्हणजे १४४ च्या पुढे गेलात की जोर खरा. सूत्र सरासरीचं आहे, पाच-दहा ठोके इकडेतिकडे होतातच. नाडी मंद करणारी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर हे गणित लागू पडत नाही, तेव्हा बोलण्याचीच परीक्षा धरा.

‘टबाटा’ हे नाव बॅचमध्ये सर्रास ऐकू येतं. जपानचे इझुमी तबाता यांचा मूळ अभ्यास १९९६ चा: २० सेकंद पूर्ण ताकद, १० सेकंद थांबणं, असे सात-आठ फेरे, तेही जागेवरच्या सायकलवर. फेरे संपेपर्यंत माणूस पूर्ण थकलेला असे. तेच वेळापत्रक लावून सलग पस्तीस मिनिटं उड्या मारायला लावल्या तर जोर आपोआप कमी होतो आणि गुडघ्यांवरचा मार तेवढा वाढतो.

पहाटे सहाची बॅच. रिकाम्या पोटी आलं तर चालतंय काय?

हलका दिवस असेल, चालणं-स्ट्रेचिंग-साधे सेट असतील, तर चालतं. जोराच्या दिवशी नको. रात्रभरात यकृतातला साखरेचा साठा बराच खाली आलेला असतो. स्नायूंतला साठा टिकून असतो, पण तो रक्तात परत येत नाही, त्या स्नायूपुरताच वापरला जातो. म्हणून हातापायांत ताकद असूनही डोकं हलकं होतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. बॅचमध्ये विसाव्या मिनिटाला भोवळ येणाऱ्यांना ‘काय खाल्लंय?’ असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर ‘काही नाही’ किंवा ‘नुसता चहा’ असं येतं.

अर्धा-पाऊण तास आधी २० ते ३० ग्रॅम कर्बोदकं पुरतात. म्हणजे एक मध्यम केळं, किंवा तीन-चार साधे खजूर, किंवा अर्धी चपाती आणि सुपारीएवढा गूळ. दूध, पीनट बटर, सुकामेव्याचा लाडू या वेळी नको, स्निग्ध पदार्थ पोटातून सावकाश पुढे सरकतात. उठल्यावर काहीच गिळवत नसेल तर ग्लासभर पाण्यात दोन चमचे साखर, चिमूटभर मीठ आणि लिंबू. आणि आदल्या रात्री भात किंवा भाकरी सोडू नका. रात्री नुसतं सॅलड आणि सकाळी नुसता चहा, या जोडीवर जोराची बॅच निभत नाही.

संध्याकाळी सातची बॅच असेल तर?

दुपारचं जेवण एक-दीडला झालं असेल, तर साडेचार-पाचला खाणं हवंच. प्लेटभर पोहे, उप्पीट, दोन चपात्या आणि भाजी, किंवा केळं आणि मूठभर फुटाणे. ऑफिसातून थेट येणाऱ्यांनी डब्यात एक चपाती जादा ठेवावी. वडापाव आणि भजी या वेळेचे नव्हेत.

रविवारी मिसळ खाऊन बॅचला आलं तर?

उलटीची तयारी ठेवून या. कटातलं तेल आणि तळलेली शेव-फरसाण पोट रिकामं व्हायला उशीर लावतात, मटकीनं वायू धरतो, तिखटानं छातीत जळजळ होते. त्यावर बर्पी म्हणजे दर चार सेकंदांनी पोट दाबून आडवं होणं. जोरात व्यायाम चालू असताना रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळतं, त्यामुळे पचन आणखी मंदावतं. मिसळ आणि बॅच यांत किमान साडेतीन-चार तास हवेत. त्यापेक्षा आधी बॅच, मग तासाभरानं मिसळ, हा क्रम चांगला. कट निम्मा, उसळ दुप्पट घेतलीत तर प्रोटीनही बऱ्यापैकी मिळतं.

तांबडा-पांढरा वजन वाढवतो काय? प्रोटीन तर भरपूर असतंय की.

प्रोटीन मटणाच्या फोडीत असतं, रश्श्यात फार थोडं. शिजलेल्या १०० ग्रॅम मटणात (हाडं सोडून) साधारण २५ ग्रॅम. तांबड्यावर तरंगणारा तवंग म्हणजे तेल आणि चरबी. पांढऱ्यात नारळाचं दूध, तीळ, खसखस असते, म्हणून तो दिसतो पातळ पण उष्मांकांनी हलका नसतो. दोन वाट्या रस्सा, पाच-सहा फोडी, दोन भाकरी आणि कांदा-लिंबू हे बॅचच्या दिवशी उत्तम जेवण आहे. वाटीमागून वाटी ओरपल्यावर ‘प्रोटीन घेतलं’ असा हिशेब मात्र धरू नका.

प्रोटीन किती लागतं आणि ते घरच्या जेवणात भागतं का?

बैठं काम करणाऱ्या माणसाला वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम पुरतं असं आपल्याकडची राष्ट्रीय शिफारस सांगते. नियमित कसून व्यायाम करणाऱ्याला १.४ ते २ ग्रॅम. आठवड्यातून तीन बॅच करणाऱ्या साध्या माणसानं १.४ धरावं, म्हणजे ६० किलो वजनाला रोज सुमारे ८५ ग्रॅम.

भागतं, पण मोजून वाढलं तरच. हे आकडे अंदाजे आहेत: एक अंडं ६ ग्रॅम, म्हशीचं दूध २५० मिलीत ९, दाट वरण किंवा उसळीची वाटी (४० ग्रॅम कच्चं कडधान्य) ९, जोंधळ्याची भाकरी ६, चपाती ३, दह्याची वाटी ५, फुटाणे ५० ग्रॅममध्ये १०, शेंगदाणे ३० ग्रॅममध्ये ७, पनीर १०० ग्रॅममध्ये १८, कोरडे सोया चंक्स ४० ग्रॅममध्ये २०.

यावरून एक शाकाहारी दिवस असा बसतो. बॅचनंतर ग्लासभर दूध आणि मूठभर शेंगदाणे, १६. दुपारी दोन भाकरी, मटकीची उसळ आणि दही, २६. चारला फुटाणे, १०. रात्री सोया चंक्सची भाजी, दोन चपात्या आणि ताक, २८ च्या आसपास. झोपताना अर्धा कप दूध. ८५ च्या जवळ आलात, पावडरचा डबा विकत न घेता.

नेहमी चुकतं ते दोन ठिकाणी. घरची आमटी इतकी पातळ असते की वाटीत जेमतेम तीन-चार ग्रॅम उतरतात. आणि सगळं प्रोटीन रात्रीच्या एका जेवणात कोंबलं जातं. दर जेवणात २०-२५ ग्रॅम असे तीन-चार हप्ते पाडा. बॅच संपल्यावर अर्ध्या तासात शेक घेतला नाही तर व्यायाम वाया जातो, ही समजूत सोडा. दीड-दोन तासांत व्यवस्थित जेवण झालं तरी काही बिघडत नाही.

तालमीतली खुराक बॅचवाल्याला चालते का? थंडाई, तूप, बदाम?

राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला तेव्हापासून या गावाला खुराकीचा अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. पण ती खुराक कुणासाठी आहे हे पाहिलं पाहिजे. गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत राहणारा मल्ल सकाळ-संध्याकाळ मिळून चार-पाच तास घाम गाळतो: जोर, बैठका, माती उकरणं, लढती. अर्धा लिटर म्हशीचं दूध, पंचवीस बदाम, खसखस, मगज बी आणि खडीसाखर यांची थंडाई सातशे किलोकॅलरीच्या पुढे जाते. ६५ किलोच्या माणसाची पाऊण तासाची जोराची बॅच साधारण चारशे खर्च करते. वरून जेवणात दोन मोठे चमचे तूप आलं की आणखी अडीचशे.

थंडाई वाईट नाही, तिचं माप बदला: पाव लिटर दूध, आठ-दहा बदाम, साखर नाही. ती बॅचच्या आधी नव्हे, नंतर. वजन वाढवायचं आहे अशा काटकुळ्या पोरांनी मात्र पूर्ण पेला खुशाल घ्यावा.

धारोष्ण दूध प्यावं का?

आमचं स्पष्ट मत: उकळूनच प्या. डोळ्यांसमोर पिळलेलं म्हशीचं दूध कट्ट्यावर उभं राहून पिणं ही कोल्हापूरची खास गोष्ट आहे, आणि भेसळ नाही याची खात्री त्यातून मिळते. जंतू नाहीत याची मिळत नाही. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षय होऊ शकतो, जनावर वरून धडधाकट दिसत असलं तरी. उकळल्यानं प्रोटीन आणि कॅल्शियम कमी होत नाही. गरोदर बाई, लहान मूल आणि मधुमेही यांनी तर कच्चं दूध अजिबात घेऊ नये.

पाणी किती आणि कधी?

उठल्यावर २५० ते ३०० मिली, बॅचमध्ये तहानेप्रमाणे घोट-घोट. आपला घाम किती जातो हे एकदा मोजून ठेवा. लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. बॅचनंतर घाम पुसून पुन्हा करा. मध्ये प्यालेलं पाणी त्या फरकात मिळवा. ६० किलोचा माणूस ५९.४ वर आला आणि मध्ये ३०० मिली प्याला, तर ९०० मिली घाम गेला. एप्रिल-मेत पत्र्याच्या शेडमध्ये हा आकडा बराच वर जातो. वजन दोन टक्क्यांपेक्षा जास्त उतरू देऊ नका. जेवढं उतरलं त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी पुढच्या काही तासांत भरून काढा.

याच्या उलट चूकही होते: घाम थोडा आणि पाणी दोन-अडीच लिटर, तेही एका तासात. त्यानं रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, फार झालं तर झटके येतात. बॅचनंतर वजन वाढलेलं दिसलं तर तुम्ही जास्त पीत आहात.

उसाचा रस, शहाळं, ताक, ओआरएस: कोणतं घ्यायचं?

तासाभराच्या आतल्या बॅचला साधं पाणी आणि नंतरचं जेवण पुरतं. कपड्यांवर मिठाचे पांढरे डाग उमटत असतील किंवा पायात गोळे येत असतील, तर मीठ घातलेलं पेलाभर ताक सगळ्यात चांगलं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी, आणि घामातून जातं ते मुख्यतः सोडियम. उसाच्या रसाच्या मोठ्या पेल्यात ३५ ते ४० ग्रॅम साखर असते. खूप दमल्यावर कधीतरी ठीक, रोज नको, बॅचच्या मध्ये तर नकोच. बर्फ न घातलेला घ्या, गाड्यावरचा बर्फ कसल्या पाण्याचा आहे हे कळत नाही.

ओआरएस जुलाब, उलट्या किंवा उन्हानं आलेल्या थकव्यासाठी. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र आणि एक लिटरचं माप पाहा आणि अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात एकदमच विरघळवा. थोडी पूड काढून पेलाभर पाण्यात टाकली तर प्रमाण बिघडतं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. रक्तदाबाच्या रुग्णांनी ‘रोज ओआरएस’ ही सवय लावू नये.

प्री-वर्कआउट पावडर घेऊ का?

तिच्यात काम करणारी मुख्य गोष्ट कॅफीन. निरोगी प्रौढाला दिवसभरात मिळून ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. काही पावडरींच्या एका मापात त्यातलं निम्मं किंवा त्याहून जास्त असतं, आणि वर दिवसभराचे चहा असतातच. संध्याकाळच्या बॅचला घेतलंत तर रात्री अकरालाही त्यातलं बरंच अंगात असतं. झोप जाते, दुसऱ्या दिवशी पुन्हा पावडर लागते. छातीत धडधड, रक्तदाब, चिंतेचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर नकोच. आणि कोरडी पावडर तोंडात टाकून वर पाणी पिण्याचा जो प्रकार मुलं व्हिडिओ पाहून करतात, तो ताबडतोब बंद. कॅफीनचा एकदम मारा होतो, पूड श्वासनलिकेत जाते.

एक कप कोरी कॉफी अर्धा-पाऊण तास आधी घेतली तरी तेच काम होतं.

व्हे आणि क्रिएटिन?

व्हे म्हणजे दुधाचंच प्रोटीन, वाळवलेलं. जेवणातून आकडा भरत नसेल तर एक माप घ्या, भरत असेल तर पैसे वाचवा. क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज ३ ते ५ ग्रॅम निरोगी प्रौढांत सुरक्षित आहे आणि छोट्या जोराच्या फेऱ्यांत उपयोगी पडतं. सुरुवातीला एखादा किलो वजन वाढतं, ते स्नायूंतलं पाणी. क्रिएटिन घेत असताना रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा आकडा) थोडं जास्त येऊ शकतं, म्हणून डॉक्टरांना आधी सांगा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर दोन्ही गोष्टी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत.

डब्यावर एफएसएसएआयचा (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि मुदत असलीच पाहिजे. सुटी पावडर, ‘आपल्याच माणसाकडून आणलेला’ बिनलेबलचा डबा, चरबी जाळणाऱ्या गोळ्या आणि इंजेक्शनं यांना हात लावू नका. स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूनं तर अधिकच जपावं, कारण डब्यातल्या भेसळीमुळे डोपिंग चाचणीत काही सापडलं तरी बंदी खेळाडूवरच येते.

पहिल्याच आठवड्यात सगळ्यांच्या बरोबरीनं केलं तर काय होतं?

या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हे आहे.

सवय नसलेल्या स्नायूवर एकदम भार आला की त्याच्या पेशी फुटतात आणि आतला मायोग्लोबिन (स्नायूंतलं एक प्रोटीन) रक्तात उतरतो. थोडं झालं तर ती नेहमीची आंबदुखी. फार झालं तर मायोग्लोबिन मूत्रपिंडात अडकतो, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदयाचा ठोका बिघडू शकतो. या अवस्थेला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात, बॅचमध्ये ‘रॅब्डो’. धोका बहुधा चार प्रकारच्या लोकांना असतो: पूर्वी तालीम केलेला, आता पाच-सात वर्षांनी परतलेला आणि जुन्या ताकदीच्या आठवणीवर चालणारा माणूस, ताप किंवा जुलाबातून नुकताच उठलेला, आदल्या रात्री दारू घेतलेला, आणि शेजाऱ्याशी ईर्ष्या लावणारा. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू असेल तर धोका थोडा वाढतो, म्हणून कोचला सांगा. गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका.

सगळ्यात जास्त त्रास देतात ते खाली येताना स्नायू ताणणारे प्रकार: झोके घेत केलेले पुल-अप, सावकाश उतरायचे पुल-अप, उड्यांच्या बैठका. पहिल्याच दिवशी शे-दोनशे बैठका मारून ‘बघा, अजून दम आहे’ म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही, आणि काहींना दवाखाना गाठावा लागतो.

आंबदुखी आणि रॅब्डो वेगळे ओळखायचे असे. आंबदुखी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कमाल होते, हालचाल केली की मोकळी होते, चार-पाच दिवसांत जाते. रॅब्डोत दुखणं केलेल्या कामाच्या मानानं फार जास्त असतं, स्नायू टणक सुजतो, हात कोपरात सरळ होत नाही किंवा मांडी उचलत नाही, आणि लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद येते. गडद लघवी प्रत्येकाला होतेच असं नाही, म्हणून तिची वाट पाहत बसू नका. थेट दवाखान्यात जा आणि ‘नवीन जोराचा व्यायाम केला, सीके आणि क्रिएटिनिन तपासा’ असं स्वतःहून सांगा (सीके म्हणजे स्नायू फुटल्यावर रक्तात वाढणारं एन्झाइम). आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नका, त्या मूत्रपिंडावरचा ताण वाढवतात. मालीश करून चोळूही नका.

टाळायचं कसं? पहिल्या आठवड्यात दोनच दिवस, फळ्यावर लिहिलेल्या आकड्याच्या निम्मे. फळ्यावर ५० असेल तर तुमचे २५. दुसऱ्या आठवड्यात दोन-तृतीयांश. पुल-अपच्या जागी रबर बँड लावून किंवा रिंग धरून तिरकी ओढ. ‘वेळ संपेपर्यंत जमतील तेवढे’ हा प्रकार पहिला महिनाभर नकोच. पंधरा दिवसांच्या खंडानंतर परत येणाऱ्यानं स्वतःला नवीनच समजावं.

आठवड्यातून किती बॅच?

जोराच्या दोन किंवा तीन, मध्ये ४८ तासांचं अंतर. उरलेल्या दिवशी रंकाळा तलावाला फेऱ्या मारा. झोप सहा तासांच्या खाली गेली असेल त्या दिवशी या, पण वजन आणि फेरे कमी ठेवा.

उपासाच्या दिवशी?

एकादशी किंवा सोमवारचा फराळी उपास असेल तर मध्यम जोर जमतो. साबुदाण्याच्या खिचडीतून कर्बोदकं भरपूर मिळतात, प्रोटीन जवळजवळ नाही. शेंगदाण्याची आमटी, दूध, दही, राजगिरा यांची जोड द्या आणि खिचडी व बॅच यांत अडीच-तीन तास ठेवा. निर्जळी उपासाला बॅच नको. नवरात्रात नऊ दिवस एकवेळ जेवणाऱ्यांनी ते दिवस स्ट्रेचिंग आणि चालण्यावर काढावेत. रमजानमध्ये जोराचा व्यायाम इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी करावा. इफ्तारच्या आधी करायचाच असेल तर अर्धा तास, हलका.

शुगर आहे. बॅच जमेल का?

जमते, आणि फायदाही होतो, पण डॉक्टरांशी बोलून. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर बॅचच्या आधी ग्लुकोमीटर लावाच. ९० च्या खाली असेल तर १५ ते ३० ग्रॅम कर्बोदकं घेऊन थोडं थांबा आणि पुन्हा तपासा. ७० च्या खाली असेल तर आधी ती सुधारा, त्या दिवशी बॅच सोडा. २५० च्या वर असून बरं वाटत नसेल किंवा लघवीत कीटोन असतील तर व्यायाम नको. जोराच्या फेऱ्यांनंतर शुगर काही वेळ वाढलेली दिसते, ती पाहून जादा इन्सुलिन घेऊ नका, पुढे काही तासांत ती उतरते. संध्याकाळच्या बॅचनंतर मध्यरात्री उतरण्याचा धोका असतो, म्हणून झोपण्याआधी एकदा तपासा.

बॅचमध्ये हात थरथरणं, गार घाम, बडबड असंबद्ध होणं दिसलं तर तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. डोळ्यांच्या पडद्याचा त्रास असेल तर जड वजन आणि उड्या डॉक्टरांना विचारूनच. अनवाणी व्यायाम मधुमेहींनी करू नये.

आधी डॉक्टरांकडे कुणी जायलाच हवं?

हृदयविकार, उच्च रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले, व्यायामात छातीत दाबल्यासारखं झालेले किंवा शुद्ध हरपलेले, ज्यांच्या घरात कुणाचा कमी वयात अचानक मृत्यू झाला आहे असे, चाळिशी ओलांडलेले आणि बरीच वर्षं काहीच न केलेले, तंबाखू-सिगारेटवाले. डेंग्यू, चिकुनगुनिया, टायफॉइड झाला असेल तर ताप गेल्याच्या दुसऱ्या दिवशी बॅच नको, डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावरच, आणि तीही निम्म्या जोरानं.

पाळीत व्यायाम, हिमोग्लोबिन, गरोदरपण?

पाळीत व्यायाम वर्ज्य नाही. जमेल तेवढं करा. सतत दम लागणं, जिना चढताना धडधड, केस गळणं असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (लोहाचा साठा) तपासा. १२ च्या खाली हिमोग्लोबिन असताना जोर वाढवून स्टॅमिना येत नाही. हिरवी पालेभाजी, हळीव, कडधान्यं यांवर लिंबू पिळा आणि जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकला, कारण चहा लोह शोषू देत नाही. शाकाहारी असाल तर बी-१२ सुद्धा तपासून घ्या.

कमी खाऊन रोज दोन बॅच करणाऱ्या मुलींची पाळी लांबते किंवा बंद होते. ‘वजन उतरतंय, चांगलंच आहे’ म्हणून याकडे काणाडोळा करू नका. शरीराला रोजच्या कामापुरतंही अन्न उरत नाही याची ती खूण आहे, आणि हाडं ठिसूळ होतात. तीन महिने पाळी आली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, खाणं वाढवा, बॅच कमी करा. गरोदरपणात नव्यानं हाय-इंटेन्सिटी सुरू करू नका.

‘एका महिन्यात दहा किलो’ चॅलेंज घ्यावं का?

नाही. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का हा धोपट मार्ग, म्हणजे ८० किलोच्या माणसाला ४०० ते ८०० ग्रॅम. त्याहून वेगानं उतरतं ते पाणी आणि स्नायू. वजनाच्या काट्याआधी पाणी तोडणं, प्लॅस्टिकचा सूट घालून घाम काढणं, लघवीच्या गोळ्या घेणं हे जिवावर बेतू शकतं. अशा अटी घालणारी बॅच सोडा.

हॉल आणि कोच पाहताना काय पाहायचं?

एका कोचमागे बारा-पंधरा जणांपेक्षा जास्त नकोत, नवे असतील तर आणखी कमी. केटलबेल फिरवताना दोघांत दोन मीटर अंतर. वॉर्म-अप दहा मिनिटं खरोखर होतो का ते पाहा. प्रत्येक प्रकाराला सोपा पर्याय फळ्यावर लिहिलेला हवा, आणि तो घेणाऱ्याला टोमणा नको. जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यांच्या ओल्या बुटांनी फरशी निसरडी होते, म्हणून कोरडे बूट वेगळे आणा आणि ओल्या फरशीवर बॉक्स जंप करू नका. नडगी सोलवटते ती बहुधा शेवटच्या दमलेल्या फेरीत. तेव्हा उडी सोडून पायरीसारखं चढा-उतरा.

कुणी कोसळलं तर?

हाक मारा, खांदे हलवा. प्रतिसाद नाही आणि श्वास नाही, किंवा नुसते आचके येत आहेत, तर एकानं १०८ लावायचं, दुसऱ्यानं लगेच छाती दाबायला सुरुवात. छातीच्या मधोमध, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, दर दोन मिनिटांनी माणूस बदलून. हॉलमध्ये एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) असेल तर तो आणून लावा. पाणी शिंपडणं, कांदा हुंगवणं यात मिनिटं घालवू नका.

उन्हाळ्यात माणूस बरळायला लागला, चाल अडखळली, अंग तापलं तर तो उष्माघात समजा. कपडे सैल करा, बादल्यांनी गार पाणी ओता, पंखा लावा, मान-काख-जांघेत बर्फाचे टॉवेल ठेवा. मोठं पिंप असेल तर मानेपर्यंत गार पाण्यात बसवा, डोकं धरून. आधी गार करायचं, मग हलवायचं. भान नसलेल्याला पाणी पाजू नका.

नुसती भोवळ असेल तर आडवं करून पाय उंच ठेवा, दहा मिनिटांत बरं वाटतं. छातीत दाब, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे कळ असेल तर ‘पित्त असेल’ म्हणून वाट पाहत बसू नका.

बॅच संपली की लगेच गाडीला किक मारून निघालं तर?

पाच ते दहा मिनिटं थांबा. जोरात पळून एकदम उभं राहिलं की रक्त पायांतच साचतं, रक्तदाब घसरतो आणि भोवळ बहुतेकदा व्यायामात नव्हे, नंतरच्या पाच मिनिटांत येते. हळू चालत राहा, नाडी १०० च्या आसपास येऊ द्या, ग्लासभर पाणी प्या. डोकं अजून हलकं वाटत असेल तर कुणाच्या तरी मागे बसून जा.